खंडणी देणारे शहर



या व्याख्यानमालेत आजवर प्राध्यापक बोलले, संपादक बोलले, कवी बोलले. माझ्यासारख्या साबुदाण्याच्या गोळ्या देणाऱ्या डॉक्टरला तुम्ही बोलावलेत, ते बहुधा तुमच्यातल्या निम्म्या घरांतल्या सर्दी-पडशाची नोंद माझ्याकडे असल्यामुळे असावे. मलकपेठेत माझ्या दवाखान्याला चाळीस वर्षे होत आली. आमच्या शास्त्रात पेशंटला आधी बोलू द्यायचे असते, म्हणून ऐकण्याची सवय आहे. आजचा विषयही ऐकण्यातूनच मिळाला.

आमच्याकडे एक निवृत्त तेलुगू शिक्षक येतात. सारी गल्ली त्यांना 'मास्टारू' म्हणते. तीन वर्षांपूर्वी मी देवगिरी पाहून आलो होतो आणि गुडघ्याचे औषध देता देता त्यांना मोठ्या अभिमानाने किल्ल्याचे वर्णन सांगत होतो. यादवांचे वैभव, ज्ञानेश्वरीत आलेला रामचंद्रराजाचा उल्लेख, मग अल्लाउद्दीन आणि सगळ्याचा शेवट. त्यांनी शांतपणे ऐकून घेतले आणि विचारले, "डॉक्टर साब, वरंगळवर फौज आली तेव्हा तिला दाणापाणी कुठून मिळाला, ठाऊक आहे?"

मला ठाऊक नव्हते. तुम्हांपैकी किती जणांना ठाऊक आहे हे मी विचारत नाही. पण त्या प्रश्नाने मला तीन वर्षे वाचायला लावले. वाचता वाचता मी देवगिरीहून थेट रशियात जाऊन पोहोचलो. कसा, ते सांगतो.

आधी आपल्याला माहीत असलेली गोष्ट थोडक्यात पाहू. १२९६ साली कडा प्रांताचा सुभेदार अल्लाउद्दीन आपल्या चुलत्याला, म्हणजे सुलतान जलालुद्दीनला न कळवता दक्षिणेत उतरला आणि देवगिरीवर येऊन थडकला. यादवांची मुख्य फौज युवराज शंकरदेवाबरोबर बाहेर होती. रामचंद्रदेव किल्ल्यात कोंडला गेला. घाईघाईने वर चढवलेल्या पोत्यांत धान्याऐवजी मीठ निघाले, ही गोष्ट फेरिश्त्याने लिहून ठेवली आहे आणि आपण ती शाळेपासून ऐकत आलो आहोत. शंकरदेव परतला, लढला, हरला. मग तह झाला. सोने, मोती, रत्ने, रेशमाचे तागे यांची भली मोठी यादी फेरिश्ता देतो. तो तीनशे वर्षांनंतर लिहीत होता, त्यामुळे आकडे जपून घ्यावेत. मात्र त्या तहात एक कलम असे होते की अचलपूर भागाचा वसूल यापुढे दरसाल अल्लाउद्दीनला द्यायचा.

आपण गोष्ट सांगतो ती मिठाच्या पोत्यांची आणि अचलपूरचे कलम सोडून देतो. माझ्या मते खरा आजार त्या कलमात आहे. वैद्यकात आम्ही तीव्र आणि जुनाट असे दोन प्रकार मानतो. तीव्र आजार अंगावर धावून येतो, माणूस मरतो किंवा बरा होतो. जुनाट आजाराबरोबर माणूस जगतो. कामधंदा करतो, मुलांची लग्ने लावतो, आणि त्या आजाराभोवती त्याचे सगळे वागणे हळूहळू बदलत जाते. लूट हा तीव्र आजार आणि खंडणी हा जुनाट.

हा जुनाट आजार अधिक लांबवर कुठे पाहायला मिळतो, हे शोधताना मला रशियातली शहरे सापडली. देवगिरीच्या साठ वर्षे आधी चंगीझखानाचा नातू बातू त्या देशात शिरला. १२३७च्या डिसेंबरात रियाझान पडले, १२३८च्या फेब्रुवारीत व्लादिमिर, आणि १२४०च्या डिसेंबरात कीव. मात्र उत्तरेचे नोव्हगोरोद वाचले. व्यापाऱ्यांचे, श्रीमंत शहर. वसंतात बर्फ वितळून वाटा चिखलाच्या झाल्या आणि मंगोल फौज अलीकडूनच मागे फिरली. तिथे ना वेढा पडला, ना आग लागली.

आता पुढचे पाहा. वीस वर्षांनी, १२५७ साली, मंगोलांचे अधिकारी याच न जिंकलेल्या नोव्हगोरोदात शिरगणती करायला आले. माणसे मोजायची आणि त्यावर कर बसवायचा. शहर बिथरले. त्याला नमवले कुणी? अलेक्झांडर नेव्हस्कीने, त्यांच्याच राजपुत्राने. स्वीडिश आणि जर्मन सरदारांशी लढून त्याने नाव मिळवले होते, आणि पुढे चर्चने त्याला संत ठरवले. त्याने विरोध करणाऱ्यांना शिक्षा दिल्या, काहींची नाके कापवली. १२५९ साली शिरगणती पुरी झाली. मोजणी होऊ दिली नाही तर रियाझानचे झाले ते आपले होईल, असा त्याचा हिशेब असावा. तो चुकीचा होता असे मी इथे खुर्चीवर बसून म्हणू शकत नाही. पण ती मोजणी त्याने स्वतः उभे राहून करवून घेतली, हेही खरे आहे.

मंगोल रशियन शहरांत राहायला आले नाहीत. त्यांची राजधानी सराय दूर, व्होल्गा नदीच्या खालच्या खोऱ्यात होती. 'सराय' हा शब्द तुमच्या ओळखीचा आहे. मूळ फारसी, अर्थ वाडा. रशियन राजपुत्र खानाची सनद घ्यायला तिथे जात. सनद मिळाली तर गादी तुमची. कधी महिनोन्‌महिने वाट पाहावी लागे, कधी माणूस परतच येत नसे.

हे वाचताना मला आपला रामचंद्रदेव आठवला. देवगिरीची खंडणी थकली तेव्हा १३०७-०८ साली मलिक काफूर चालून आला आणि रामचंद्रदेवाला दिल्लीला घेऊन गेला. तिथे अपमान होईल असे वाटावे, तर झाले उलटेच. अल्लाउद्दीनने त्याला मानाने ठेवले, छत्र दिले, नवसारीचा मुलूख दिला आणि 'रायरायां' असा किताब देऊन परत पाठवले. सरायला गेलेल्या राजपुत्राला सनद मिळावी, तसेच हे. शहाण्या धन्याला जिंकलेला राजा मारून काय मिळणार? तो राजा, त्याचे कारकून, त्याचे हिशेब आणि त्याचा बाजार, हे सारे जागच्या जागी राहिले तरच वसूल येतो.

आणि आता मास्टारूंचा प्रश्न. १३०९ साली मलिक काफूर तेलंगणावर निघाला तो देवगिरीच्या वाटेने. झियाउद्दीन बरनी या दिल्लीच्या इतिहासकाराने यापुढचा तपशील दिला आहे. रामचंद्रदेव सामोरा गेला, नजराणे दिले. देवगिरीच्या बाजारातल्या दुकानदारांना त्याने छावणीत पाठवले आणि सैनिकांना माल स्वस्त दराने विका अशी ताकीद दिली. पुढच्या वाटेवरच्या गावांना, थेट वरंगळच्या सीमेपर्यंत, दाणावैरण तयार ठेवण्याचे हुकूम सोडले. आपले स्वारही बरोबर दिले. १३१०च्या आरंभी वरंगळला वेढा पडला, आणि प्रतापरुद्राने हत्ती, घोडे आणि खजिना देऊन दरसालची खंडणी कबूल केली. म्हणजे तो जुनाट आजार देवगिरीहून वरंगळला पोहोचला, आणि नेणाऱ्यांत आपण होतो.

पुढच्या वर्षी हीच फौज द्वारसमुद्राच्या होयसळांवर गेली, तेव्हाही रसद आणि वाटाडे देवगिरीचेच. १३२१ साली उलुघखान, म्हणजे पुढचा महंमद तुघलक, वरंगळला अपयश येऊन मागे हटला तो देवगिरीला. १३२३ साली त्याने पुन्हा जाऊन वरंगळ घेतले. काकतीयांचे राज्य संपले.

आपल्या घरांत देवगिरीची गोष्ट केवळ दुःखाची म्हणून सांगितली जाते. दुःख खोटे नाही. पण काकतीयांच्या कमानी पाहत वाढलेल्या शेजाऱ्याच्या दृष्टीने देवगिरी म्हणजे त्या फौजेचा बाजार. तुम्ही आणि मी पिढ्यान्‌पिढ्या याच तेलंगणाच्या पाण्यावर जगतो आहोत. ही दुसरी बाजू आपल्याला शेजाऱ्याकडून कळावी, याची मला त्या दिवशी लाज वाटली.

रशियातही असेच घडले. १३२७ साली त्वेर या शहरात खानाच्या माणसांविरुद्ध उठाव झाला. तो मोडायला खानाच्या फौजेबरोबर कोण आले? मॉस्कोचा राजपुत्र ईव्हान. त्वेर उद्ध्वस्त झाले, आणि पुढे खंडणी गोळा करून सरायला पोहोचवण्याचे काम ईव्हानकडे आले. त्याला लोक 'कलिता' म्हणत, म्हणजे पैशांची थैली. खंडणी ज्याच्या हातून जाते त्याच्या बोटांना थोडे लागतेच. त्या थैलीतून मॉस्को मोठे झाले आणि शेवटी त्याच मॉस्कोने, १४८० साली, खानाचे वर्चस्व झुगारले. कीव पडले तेव्हापासून मोजले तर सुमारे २४० वर्षांनी. मॉस्कोची गोष्ट सांगणारे ते १४८० साल अभिमानाने सांगतात. त्वेरच्या माणसाने मात्र १३२७ कसे विसरावे?

ज्यांनी मान तुकवली नाही तेही होते. १३११ साली रामचंद्रदेव गेला. शंकरदेवाने खंडणी बंद केली आणि तो लढाईत मारला गेला. मग रामचंद्रदेवाचा जावई हरपालदेव उठला. १३१८ साली मुबारक खिलजीने त्याला पकडून त्याची कातडी सोलली. त्याच १३१८ साली त्वेरचा राजपुत्र मिखाइल खानाच्या छावणीत मारला गेला. मॉस्कोवाल्यांशी त्याचा सनदेवरून झगडा होता. दोघांचा काही संबंध नाही, पण ही दोन नावे एकत्र वाचली तेव्हा मी पुस्तक मिटून थोडा वेळ बसलो होतो. रामचंद्रदेवाच्या वागण्याने देवगिरीला काही वर्षांची शांतता मिळाली आणि तिची किंमत वरंगळने दिली. हरपालदेवाने ती किंमत स्वतःच्या अंगावर घेतली आणि शहर तरीही गेले. यातला बरोबर कोण, हे ठरवण्याचा अधिकार मला नाही. त्यातले एकच सांगून दुसरे गाळू नये, एवढे मात्र मी म्हणेन.

तुलनेची मर्यादाही सांगितली पाहिजे. रशियन शहरांचे राजपुत्र टिकले, कारण खान गवताळ प्रदेशातच राहिला. आपल्याकडे खंडणीचा काळ बावीस वर्षांचाच. १३१८ नंतर देवगिरीत दिल्लीचे सुभेदार बसले. १३२७ साली महंमद तुघलकाने दिल्लीची राजधानीच तिथे हलवली आणि नाव दौलताबाद ठेवले. तुम्ही तिथे गेलात तर मशिदीचे खांब पाहा. जुन्या देवळांचे ते खांब शंभराहून अधिक आहेत. त्या इमारतीत १९४८ पासून भारतमातेची मूर्ती आहे. एवढी उलटापालट त्या एका दगडी मंडपाने पाहिली.

मग अशा शहरात माणसे जगली कशी? डॉक्टर म्हणून मला या प्रश्नात सर्वांत जास्त रस आहे. इब्न बतूता १३४२च्या सुमारास दिल्लीहून दौलताबादमार्गे गेला. नंदुरबारच्या मराठ्यांविषयी तो लिहितो की हे लोक कसबी कारागीर आहेत, वैद्य आहेत, ज्योतिषी आहेत. दिल्लीचा अंमल येऊन एक पिढी झाली होती, तरी वैद्य नाडी पाहतच होते. दौलताबादेतल्या जवाहिऱ्यांना 'साह' म्हणतात हेही त्याने नोंदवले आहे. तिथल्या मुलखाच्या वसुलाचा १७ कोटींचा मक्ता घेतलेल्या एकाला पैसे भरता आले नाहीत, तेव्हा त्याची मालमत्ता जप्त झाली आणि त्यालाही हरपालदेवासारखेच मारले, असे तो सांगतो. मध्यस्थाची थैली भरते, पण रिकामी राहिली तर कातडे त्याचेच जाते.

माझ्या धर्माच्या इतिहासातले एक नाव इथे येते. जिनप्रभसूरी हे श्वेतांबर आचार्य. आम्ही दिगंबर, पण त्यांचे ऋण आमच्यावरही आहे. १३२८ साली ते दिल्लीत महंमद तुघलकाला भेटले. सुलतानाने त्यांना मान दिला, तीर्थांच्या रक्षणासाठी फर्माने दिली. ते काही काळ दौलताबादेतही राहिले आणि फर्मान दाखवून तिथली जिनमंदिरे त्यांनी वाचवली. त्यांच्या 'विविधतीर्थकल्प' या ग्रंथात आपले पैठण आहे, नाशिक आहे आणि आपल्या हैदराबादेजवळचे कुलपाकजीही आहे. देवळांचे खांब उपटले जात होते त्याच काळात एक साधू फिरत होता आणि कुठले तीर्थ कुठे आहे ते लिहून ठेवत होता. रशियात १२६७ साली खानाने चर्चला करातून सूट दिली. बदल्यात पाद्र्यांनी खानासाठी प्रार्थना करायची. तिथेही मठांत इतिवृत्ते लिहिली जात राहिली.

भाषेचेही असेच. नोव्हगोरोदच्या चिखलात १९५१ पासून भूर्जाच्या सालीवर कोरलेल्या चिठ्ठ्या सापडत आहेत. आजवर हजाराहून अधिक सापडल्या. उधारी, लग्न, घरची भांडणे, सगळे त्यांत आहे. ओनफिम नावाच्या एका मुलाने तेराव्या शतकाच्या मध्यावर मुळाक्षरे गिरवता गिरवता घोड्यावरचा शूर वीर काढला आणि शेजारी स्वतःचे नाव घातले. शिरगणतीचे अधिकारी शहरात आले त्याच सुमाराची ही पाटी. आपल्याकडे लीळाचरित्र १२७८च्या सुमाराचे, ज्ञानेश्वरी १२९०ची. संकटाच्या तोंडावर जन्मलेले हे ग्रंथ महानुभावांनी आणि वारकऱ्यांनी नकला करकरून पुढे नेले. राज्याच्या भाषेतले शब्दही आत शिरले. सरकारी तिजोरीला रशियन माणूस 'कझना' म्हणतो, आपण 'खजिना'. शब्द एकच. बाजारालाही तो 'बझार'च म्हणतो. ज्याला पैसे द्यावे लागतात त्याच्याकडून पैशाचे शब्द येतात.

आता शेवटचा टप्पा, जो तुमच्या-माझ्या दारापर्यंत येतो. १३४७ साली दौलताबादेतच बहमनी राज्य उभे राहिले. तिथून राजधानी गुलबर्ग्याला, मग बिदरला. त्यातून गोवळकोंडा, आणि १५९१ साली हैदराबाद. पुढे आसफजाहीचे ठाणे औरंगाबादेत होते, ते १७६३ साली हैदराबादेला आले. आपल्यातली बरीच घराणी याच वाटेने, दफ्तरांच्या गाठोड्यांबरोबर इथे आली. निजामाच्या राज्यात दफ्तर-ए-दिवाणी पिढ्यान्‌पिढ्या ज्या मराठी घराण्याकडे होते, त्याचा किताब तुम्हाला माहीत आहे. 'रायरायां'. दिल्लीत रामचंद्रदेवाला मिळालेला शब्द साडेचारशे वर्षांनी हैदराबादेत मराठी हिशेबनिसाच्या डोक्यावर आला.

देशमुख, देशपांडे, कुलकर्णी, पटवारी अशी आडनावे या सभागृहात किती आहेत ते पाहा. वसूल करणारे, मोजणारे, लिहिणारे आपणच होतो. मी स्वतःला यातून वगळत नाही. माझे आजोबा जिंतूरला धान्याचा व्यापार करत. त्यांची एक वही माझ्याकडे आहे. लहानपणी आम्हाला सांगत की आजोबा अडल्या-नडल्याला मदत करायचे. मोडी वाचता येणाऱ्या एका गृहस्थाकडून मी ती वही वाचून घेतली. शेतसारा भरायला शेतकऱ्यांनी पैसे नेले होते, आणि पुढे व्याज मांडले होते. एका नावापुढे दोन बैल जमा केल्याची नोंद आहे. ज्याचे बैल गेले त्याच्यापर्यंत राज्य पोहोचले ते माझ्या आजोबांच्या हातून. आजोबा वाईट नव्हते. मदत केली हेही खरे होते. बैल गेले हेही खरे.

मास्टारूंना मी उत्तर दिले ते वही वाचून झाल्यावर. म्हटले, "दाणापाणी आमच्या देवगिरीहून आला." ते हसून म्हणाले, "मला ठाऊक होतं डॉक्टर साब. तुम्हाला ठाऊक व्हावं म्हणून विचारलं." मग गुडघा पुढे केला.

तुम्हाला माझी विनंती साधी आहे. तुमच्या घरी माळ्यावर, जुन्या ट्रंकेत, मोडी कागद असतील. वाळवी लागण्याआधी ते काढा, मोडी येणाऱ्या माणसाला दाखवा. त्यांत आपल्या घराण्याला काय मिळाले ते तर वाचाच, पण कुणी दिले ती नावेही वाचा, आणि नातवंडांना दोन्ही सांगा. वाचून घेतल्यावर काही त्रास झाला तर माझा दवाखाना संध्याकाळी सहापासून उघडा असतो.